नक्कल, निवड आणि रुजवात : प्रस्तावना

पूर्वी कचेरीतून सही-शिक्क्याची जी नक्कल मिळे तिच्या तळाशी दोन इसमांच्या सह्यांसाठी जागा राखलेली असे. एक नक्कल करणाराची आणि दुसरी रुजवात घेणाराची. पहिल्याने मूळ दस्तऐवज समोर ठेवून मजकूर उतरवायचा, दुसऱ्याने मूळ आणि नक्कल शेजारी शेजारी मांडून अक्षरन् अक्षर ताडून पाहायचे, आणि मगच त्या कागदास तो अस्सलाबरहुकूम असल्याचा दाखला मिळायचा. हा शिरस्ता ज्याने कोणी घालून दिला त्यास मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. कारण लिहिणारा कितीही सावध असो, आपण लिहिलेले आपणच वाचू लागलो की हाताची चूक डोळा पोटात घालतो, हे त्याने ओळखले होते. आज राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्रांत, पतसंस्थांत, साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांत आणि कृषी विद्यापीठातील प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांत माउसने मजकूर निवडून, कॉपी करून, दुसरीकडे पेस्ट करण्याची जी क्रिया दिवसभर अखंड चालते, तिने या दोन इसमांपैकी पहिल्यास सेवामुक्त केले आहे. दुसऱ्यासही तिने घरी पाठविले अशी मात्र सर्वत्र समजूत झालेली दिसते, आणि ती समजूत का खोटी आहे हे सांगणे हाच या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे. कोणती कळ केव्हा दाबावी याचा तपशील पुढील प्रकरणांत येईलच. येथे त्या कळीमागे काय घडते आणि चूक नेमकी कोठून शिरते, एवढ्याच बाबीचा विचार करावयाचा आहे.

नकलेतील चुकीचा प्रश्न या भूमीस नवा नाही. आमच्या तालुक्यातून वाहणारी मुळा पुढे प्रवरेस मिळते, आणि त्याच प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानदेवांनी सांगावे आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घ्यावे, अशा रीतीने उतरलेला तो ग्रंथ पुढील तीनशे वर्षांत नकलेवरून नक्कल, त्या नकलेवरून आणखी नक्कल अशा परंपरेने गावोगाव गेला, आणि त्या प्रवासात त्याच्या पाठांत इतके अंतर पडले की शके १५०६ मध्ये, इसवी सन १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना निरनिराळ्या प्रती जमवून त्याची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. ते लेखक आळशी होते असे म्हणण्यास काही आधार नाही. नक्कल करणे हे त्या काळी पुण्यकर्म होते. परंतु दोन ओळींचा आरंभ एकाच शब्दाने झाला असता नजर पहिलीवरून उचलली जाऊन दुसरीवर पडते आणि मधला मजकूर गळतो. अपरिचित शब्दाच्या जागी हात नकळत परिचित शब्द लिहून जातो. समासातली कोणाची तरी टीप पुढच्या प्रतीत मूळ मजकूर होऊन बसते. हाताने केलेल्या नकलेच्या या व्याधी जगातील सर्व लिप्यांत सारख्याच आढळतात, आणि यंत्राने केलेल्या नकलेत त्यांपैकी पहिल्या दोन समूळ नाहीशा झाल्या आहेत. तिसरी नाहीशी झालेली नाही. ती का नाहीशी झाली नाही हे कळण्यासाठी यंत्राचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

१९६८ हे साल आम्हां राहुरीकरांच्या परिचयाचे आहे, कारण त्याच वर्षी महाराष्ट्र कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण करून ते राहुरीस स्थिर झाले. त्याच वर्षाच्या ९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने विद्वानांच्या एका परिषदेपुढे, मेजावर सरकणारे एक लहानसे साधन हाती घेऊन, पडद्यावरील मजकूर निवडणे, हलविणे आणि त्याची नक्कल करणे या क्रिया प्रत्यक्ष करून दाखविल्या. ते साधन म्हणजे आजच्या माउसचा पूर्वज. त्याचा पहिला नमुना एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास तयार केला होता. लाकडाचा ठोकळा, त्याच्या पोटाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एक बटण, एवढाच त्याचा जामानिमा होता. पुढे चाकांच्या जागी गोळी आली आणि गोळीच्या जागी प्रकाश आला. आजचा माउस आपल्या खालच्या पृष्ठभागाची सूक्ष्म छायाचित्रे सेकंदाला हजारांच्या हिशेबाने घेऊन दोन चित्रांतील अंतरावरून आपण किती व कोणत्या दिशेस सरकलो हे ठरवितो. आपण कोठे आहोत हे त्यास कधीच ठाऊक नसते. म्हणूनच तो उचलून दुसरीकडे ठेवला तरी पडद्यावरील बाण जागचा हलत नाही.

परंतु माउस मिळाल्याने मजकूर हलविणे सोपे झाले असे नाही. तत्कालीन संपादन-यंत्रणांत संगणकाची वृत्ती वरचेवर पालटावी लागे. एका वृत्तीत अक्षराची कळ दाबली की ते अक्षर उमटे, दुसऱ्या वृत्तीत तीच कळ हुकूम समजली जाई. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात (आपल्या बाजारपेठेतील दर चार दुकानांआड जिचे नाव पाटीवर दिसते तीच ही कंपनी) ब्राव्हो नावाची अशी एक यंत्रणा होती. तीत लिहिण्याच्या वृत्तीत आहोत अशा समजुतीने कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकित केला, आणि प्रत्यक्षात यंत्र हुकुमाच्या वृत्तीत असले, तर ‘ई’ने सर्व मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची तयारी होई आणि ‘टी’ हे एकच अक्षर साऱ्या दस्तऐवजाच्या जागी विराजमान होई. याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी या वृत्तिभेदाविरुद्ध जन्मभर युद्ध मांडले. टिम मॉट यांच्या सहकार्याने १९७५ च्या सुमारास त्यांनी जिप्सी ही यंत्रणा उभी केली, ती जिन या पाठ्यपुस्तक-प्रकाशकाच्या संपादकांसाठी. कात्रीने परिच्छेद कापून खळीने दुसऱ्या पानावर चिकटविणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय त्यांना पडद्यावरही तेच करता यावे, एवढा साधा हेतू त्यामागे होता. त्यासाठी टेस्लर यांनी क्रियेचा अनुक्रम उलटा केला: आधी हुकूम व मग वस्तू असे न करता, आधी माउसने वस्तू निवडावी आणि मग तिचे काय करावयाचे ते सांगावे. १९८३ साली ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकातून आणि १९८४ साली मॅकिंटॉशमधून ही रीत लोकांपर्यंत पोहोचली, पुढे विंडोजनेही ती स्वीकारली, आणि या शतकाच्या आरंभी एमएस-सीआयटीच्या वर्गांतून ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आली. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्या दिवशीही त्यांनी रूढ केलेली क्रिया पृथ्वीतलावर किती वेळा घडली असेल याचा अंदाज करणे व्यर्थ आहे.

आधी निवड, मग हुकूम, या अनुक्रमातच आजच्या नकलेचे सारे गुणदोष साठविले आहेत. हुकूम चुकत नाही, निवड चुकते. डावे बटण दाबून धरून माउस ओढत न्यावा आणि सोडावा, शब्दावर दोनदा टिचकी मारून तो शब्द घ्यावा, तीनदा मारून परिच्छेद घ्यावा, किंवा आरंभी एकदा टिचकी मारून शिफ्टची कळ दाबून धरीत शेवटी दुसरी मारावी, म्हणजे मधला सर्व मजकूर ताब्यात येतो. या सर्व रीती वाचावयास सुलभ वाटतात. परंतु हात सैल पडला की अखेरचे अक्षर बाहेर राहते. ओळीच्या टोकाशी माउस किंचित खाली सरकला की पुढची सबंध ओळ आत येते. आणि वर्डसारख्या यंत्रणेत, वापरणाराचे हित चिंतून, अर्ध्या शब्दावरून ओढू लागले तरी संपूर्ण शब्दच निवडला जातो. इंग्रजीत यामुळे फारसे बिघडत नाही. मराठीत शब्दयोगी अव्यये आणि विभक्तिप्रत्यय शब्दास चिकटून येतात, म्हणून ‘वांबोरीच्या’ या शब्दावर दोनदा टिचकी मारणाऱ्यास ‘वांबोरी’ कधीच मिळत नाही, आणि गावाच्या रकान्यात ‘च्या’सकट वांबोरी जाऊन बसते. तो रकाना पुढे कोणी गावनिहाय लावू गेला की यंत्राच्या लेखी ती दोन निराळी गावे ठरतात. हीच ती समासातल्या टिपेची जुनी व्याधी, नव्या वेषात.

निवडलेला मजकूर कॉपी म्हटल्याबरोबर जातो कोठे? संगणकाच्या स्मृतीत क्लिपबोर्ड नावाचे एक स्थान मुक्रर केलेले असते, आणि भिंतीतल्या एकाच वस्तूपुरत्या कोनाड्यासारखी त्याची स्थिती असते. नवी वस्तू ठेवली की जुनी गेली. पेस्ट केल्याने मात्र तो कोनाडा रिता होत नाही, म्हणून तीच वस्तू पाहिजे तितक्या ठिकाणी ठेवता येते. विंडोजच्या २०१८ च्या अखेरच्या आवृत्तीपासून मागील नकलांचा इतिहासही राखण्याची सोय झाली आहे, परंतु ती आधी सुरू करावी लागते आणि बहुसंख्य लोक ती करीत नाहीत. कॉपीऐवजी कट म्हटले असता मजकूर मूळ जागेवरून तत्काळ उठतो आणि केवळ स्मृतीत उरतो. अशा क्षणी वीज गेली, आणि भारनियमनाच्या मुलखात ती जाणारच, तर तो मूळ जागीही नसतो आणि नव्या जागीही नसतो. फायलींची गोष्ट निराळी आहे. कट केलेली फाइल फिकट दिसू लागते खरी, पण पेस्ट होईपर्यंत ती आपली जागा सोडत नाही. लिनक्सच्या कित्येक यंत्रणांत याखेरीज दुसराही एक मार्ग असतो, ज्यात नुसती निवड हीच नक्कल समजली जाते आणि माउसचे मधले चाक दाबले की निवडलेले तेथे उमटते. ज्यांना याची सवय लागली त्यांना विंडोजपुढे बसविले तर ते चाक दाबीत राहतात आणि यंत्रास दोष देतात.

आता मुख्य मर्माकडे येऊ. मजकूर कॉपी करताना मूळ यंत्रणा क्लिपबोर्डवर एकच वस्तू ठेवीत नाही. तोच मजकूर ती अनेक रूपांनी सादर करते : केवळ अक्षरे हे एक रूप, अक्षरांसह ठसा, आकार, ठळकपणा व तक्त्याच्या रेषा हे दुसरे, कधी चित्र हे तिसरे. पेस्ट करताना स्वीकारणारी यंत्रणा त्यांतून आपल्यास कळणारे रूप उचलते. सामान्यतः अधिकात अधिक संपन्न असेल ते. म्हणून एक्सेलमधला तक्ता वर्डमध्ये तक्ता म्हणून उतरतो आणि नोटपॅडमध्ये त्याच्या रेषा गळून नुसते आकडे उतरतात. म्हणजे नक्कल अस्सलाबरहुकूम असली तरी तिचा स्वीकार स्वीकारणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहतो. ही समजूत किती विचित्र असू शकते याचे उदाहरण आमच्या कचेऱ्यांच्या अगदी नित्याच्या व्यवहारातले आहे. ‘१२/३’ हा गट-हिश्शाचा क्रमांक अन्य ठिकाणाहून कॉपी करून एक्सेलच्या साध्या रकान्यात पेस्ट केला, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते; संगणकाच्या मांडणीप्रमाणे १२ मार्च किंवा ३ डिसेंबर. खुद्द ‘७/१२’ लिहिले तरी तीच गत. बारा अंकी आधार क्रमांक पेस्ट केला तर त्याच रकान्यात तो दशांश चिन्ह आणि इंग्रजी ‘ई’ अक्षर यांनी युक्त अशा शास्त्रीय आकड्याचे सोंग घेतो, आणि पंधरा अंकांहून लांब असा बँकेचा खाते क्रमांक असला तर पंधराव्यापुढील अंकांच्या जागी मुकाट्याने शून्ये येतात. यावरचा उपाय असा की रकाना आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून जाहीर करावा आणि मग पेस्ट करताना तेथील मांडणी राखणारा पर्याय निवडावा. हा उपाय फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे तेही घाईत तो विसरतात.

यात केवळ तालुक्याच्या कारकुनांचीच फसगत होते असे कोणी समजू नये. जनुकशास्त्राच्या संशोधकांनी वापरलेली काही जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजीतील मार्च व सप्टेंबर या महिन्यांच्या लघुरूपांसारखी होती, आणि एक्सेलमध्ये ती शिरली की तारखा बनून बाहेर पडत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशात हा दोष आढळला. आणि अखेर २०२० साली जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने एक्सेल सुधारण्याची वाट न पाहता जनुकांचीच नावे बदलली. वाणसंशोधन करणाऱ्या आमच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ही हकिकत आपल्या मेजावर लिहून ठेवावी, असे मला वाटते.

त्याहून सूक्ष्म चूक अशी की, निवडलेले सर्व बिनचूक उतरते, परंतु ज्याच्या आधाराने त्याला अर्थ होता ते मागे राहते. विद्यापीठातर्फे दरवर्षी ‘कृषिदर्शनी’ प्रसिद्ध होते, आणि शेतकऱ्यांच्या घरांत तिचा मान पंचांगाच्या खालोखाल आहे. ऊस लागवडीसाठी आडसालीस ४००, १७०, १७० आणि सुरूस २५०, ११५, ११५ किलो नत्र, स्फुरद व पालाश, अशी विद्यापीठाची जी शिफारस आहे ती हेक्टरी आहे. आता कोणी अशा तक्त्यातील आकड्यांवरून माउस फिरविला, शीर्षकाची ओळ निवडीबाहेर राहिली, आणि ते आकडे मोबाईलवरच्या शेतकरी-समूहाकडे रवाना झाले, तर एकराच्या हिशेबाने विचार करणारा वाचक सुमारे अडीचपट खत टाकण्यास मोकळा झाला. कारण हेक्टर म्हणजे २.४७ एकर. येथे एक अंकही बदललेला नाही. हाताने लिहिणारा कारकून निदान शीर्षक लिहिताना थांबून विचारी, कारण त्यास ते लिहावेच लागे. निवडणाऱ्यास ते वगळण्यास काहीच कष्ट पडत नाहीत. उलट दिशेनेही असेच घडते. ज्या ओळी हाताने लपविल्या आहेत त्या, पट्टा निवडून कॉपी केल्यास, एक्सेलच्या नकलेत निमूटपणे येतात, आणि जे दाखवावयाचे नव्हते ते परगावी पोहोचते. सूत्र असलेला रकाना एक ओळ खाली पेस्ट केला तर सूत्रातील पत्तेही एक ओळ खाली सरकतात. ते सरकू नयेत म्हणून डॉलरचे चिन्ह लावावे लागते, किंवा सूत्राऐवजी केवळ मूल्य पेस्ट करावे लागते. पुढे या बाबीसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखले आहे, आणि घाईच्या वाचकाने दुसरे काही न वाचता तेवढे वाचले तरी चालेल.

सातबाऱ्याच्या संगणकीकरणात रुजवातीचा जुना शिरस्ता मोठ्या प्रमाणावर पाळला गेला, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. हस्तलिखित उताऱ्यांवरून संगणकात भरलेला मजकूर मुळाशी जुळतो की नाही हे पाहण्यासाठी २०१७ साली राज्यभर चावडी वाचन झाले : उतारे गावकऱ्यांसमोर वाचावयाचे, ज्याचे नाव वा क्षेत्र चुकले असेल त्याने हरकत घ्यावयाची आणि मग दुरुस्ती करावयाची. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मुळातून संगणकात जाण्याचा टप्पा हा मनुष्याच्या हातचा, म्हणून तेथे वाचन. त्यानंतरच्या प्रती यंत्राच्या, म्हणून तेथे स्वाक्षरी. कोणत्या टप्प्यावर कोणती खातरजमा हवी याचा इतका स्पष्ट विवेक मला खाजगी व्यवहारात क्वचितच दिसला आहे. तेथे आदल्या वर्षीचा करारनामा कॉपी होतो, नाव बदलते, आणि चतुःसीमा मात्र आदल्या पक्षकाराच्या शेताच्या राहतात.

मराठीच्या वाट्यास आलेल्या आणखी एका दुखण्याविषयी लिहिणे भाग आहे. ‘राहुरी’ हा शब्द आपल्या कानास तीन अक्षरांचा. युनिकोड या सांकेतिक पद्धतीत तो सहा संकेतांचा होतो, कारण काना, उकार आणि वेलांटी यांची तेथे स्वतंत्र गणना होते. माउस मात्र अक्षराच्या मध्ये शिरू शकत नाही. तो स्वर-व्यंजनांचा पुरा पुंजका एकदम उचलतो. हे आपल्या हिताचेच आहे. दुखणे आहे ते जुन्या मजकुराचे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, तीत देवनागरी होती. परंतु विंडोजमध्ये ती सहजपणे वावरू लागली ती २००० सालापासून, आणि तोवर, किंबहुना त्यानंतरही बराच काळ, आमची छापखान्यांची व कचेऱ्यांची मराठी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांवर चालली. अशा कित्येक फाँटांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाँट हजर असेपर्यंत मराठी. फाँट नसलेल्या ठिकाणी पेस्ट केले की रोमन अक्षरांची अर्थशून्य रास. वापरणारा म्हणतो, पेस्ट करताना मजकूर बिघडला. वस्तुतः मजकूर जसाच्या तसा आला, तो मुळात मराठी म्हणून साठविलेलाच नव्हता. अशा मजकुरासाठी परिवर्तक यंत्रणा वापराव्या लागतात, आणि त्यांच्याकडून निघालेली प्रत जोडाक्षरे व रफार यांच्यावर विशेष नजर ठेवून मूळ कागदाशी ताडावी लागते.

पीडीएफची तऱ्हा याहून न्यारी आहे. त्या स्वरूपात पानाचे दर्शन मुख्य, मजकूर गौण; कोठे कोणता आकार उमटवावयाचा याची नोंद तीत पक्की असते, त्या आकारांमागील संकेतांचा क्रम पक्का असेलच असे नाही. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यास अक्षराआधी दिसते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर येते. म्हणून पीडीएफमधून उचललेल्या मराठीत ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात, मध्येच रिकाम्या जागा पडतात. शासननिर्णयातील परिच्छेद अर्जात उतरविणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव आहे. दोन-चार ओळी असतील तर त्या सरळ पुन्हा टंकित कराव्यात. पाने असतील तर प्रतिमेवरून अक्षरे ओळखणाऱ्या यंत्रणेकडे द्यावीत आणि मग एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने मुळावर बोट ठेवून पाहावे. दुसरा इसम न मिळाल्यास संगणकाकडून मजकूर वाचवून घेता येतो, आणि कानास जी विसंगती जाणवते ती डोळ्यास बहुधा जाणवत नाही.

या पुस्तिकेत मोबाईलच्या पडद्यावर बोटाने करावयाच्या निवडीचा विचार केलेला नाही. तेथे निवडणारे बोटच निवडलेल्या अक्षरास झाकते, निवडीच्या दोन्ही टोकांच्या खुणा ओढण्याची रीत यंत्रागणिक बदलते, आणि माउसने लागलेली सवय उपयोगी पडण्याऐवजी आडवीच येते; सबब तो विषय तूर्त बाजूस ठेवून पहिल्या प्रकरणात डाव्या बटणापासूनच आरंभ केला आहे.